जशी होती तशी, की हवी तशी?

फोर्ड मस्टँग 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आली. किंमत 2,368 डॉलरपासून पुढे. पहिल्याच दिवशी विक्रेत्यांकडे सुमारे 22 हजार मागण्या नोंदवल्या गेल्या आणि दोन वर्षे पुरी व्हायच्या आत दहा लाखावी मस्टँग कारखान्याबाहेर पडली. इतक्या संख्येने खपलेली गाडी दुर्मीळ राहत नाही. साधी मस्टँग आजही मध्यमवर्गीय अमेरिकी माणसाच्या आवाक्यात येते, तिचे बहुतेक सुटे भाग नवे मिळतात आणि ती साध्या पान्यांनी उघडता येते. म्हणूनच जुन्या अमेरिकी गाड्यांभोवतीचा सर्वांत चिवट वाद या गाडीवरून वारंवार घातला जातो. साठ वर्षांची गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची, की आजच्या रस्त्याला साजेशी करून घ्यायची?

वादाला दोन बाजू आहेत. एक जतनवादी. त्याला रंगाची छटा, नळ्यांवरचे शिक्के, बोल्टांची डोकी सगळे मूळचे हवे. दुसरा बदलवादी. त्याला रूप जुने हवे, पण आतले यंत्र नवे. अशा गाडीला अमेरिकेत 'रेस्टोमॉड' म्हणतात. दोघांनाही गाडीविषयी सारखेच प्रेम असते, हे वाद ऐकताना लक्षात येत नाही. पुढचा संवाद त्यांच्यात नेहमी होणाऱ्या वादातून घेतला आहे, आणि दोघांसमोर उभी आहे ती 1965 सालची मस्टँग.

जतनवादी : या गाडीच्या दाराच्या कडेला एक छोटी धातूची पट्टी आहे, ती आधी वाचा. बॉडी कोणती, रंग कोणता, आतली गादी कुठल्या कापडाची, कुठल्या तारखेची, मागचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स कोणता, सगळे सांकेतिक अक्षरांत लिहिले आहे. ही गाडीची जन्मपत्रिका आहे. पट्टीवर एक आणि गाडीत दुसरेच, असे झाले की गाडी खोटे बोलायला लागते.

बदलवादी : आणि मूळ म्हणजे नेमके कोणते, तेही सांगा. एप्रिल 1964 च्या मस्टँगमध्ये डायनॅमो होता. ऑगस्टपासून अल्टरनेटर आला. सुरुवातीला 260 घनइंचांचे व्ही-8 मिळत होते, ते गेले आणि 289 चे आले. छोटे सहा सिलिंडरचे इंजिनही 170 वरून 200 घनइंचांवर गेले. पाच महिन्यांत फोर्डने स्वतःच गाडी बदलली. कारखान्याने केला तर सुधारणा, मी केला तर अपराध?

जतनवादी : कारखान्याने काय बदलले आणि कधी, याची नोंद आहे. म्हणून तर त्या पहिल्या पाच महिन्यांच्या गाड्या आज 'साडेचौसष्ट' या नावाने वेगळ्या ओळखता येतात. तुमच्या गॅरेजातल्या बदलाची नोंद कुठे आहे?

हा प्रश्न वादाच्या मुळाशी जातो. फोर्डच्या 1967 च्या मॉडेलपासूनच्या उत्पादन-नोंदी शाबूत आहेत आणि मार्टी ऑटो वर्क्स ही संस्था त्यांवरून एकेका गाडीचा दाखला काढून देते. त्याआधीच्या गाड्यांसाठी तसा दाखला मिळत नाही. पहिल्या अडीच वर्षांच्या मस्टँग कशा होत्या हे सांगायला मुख्यतः गाड्याच उरल्या आहेत. पुरावा म्हणून गाडीला असलेली ही किंमत बदलवादी सहसा ध्यानात घेत नाही.

मात्र गाडी बदलणे हा अलीकडचा चाळा आहे, हा जतनवाद्याचा समज इतिहासात टिकत नाही. 1932 साली फोर्डने सामान्य माणसाच्या किमतीत व्ही-8 इंजिन दिले. 221 घनइंच, 65 अश्वशक्ती. जुनी झालेली ती गाडी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती स्वस्तात पडली. त्यांनी मडगार्ड काढले, बोनेट काढले, वजन घटवले, कार्ब्युरेटर वाढवले आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर गाड्या पळवल्या. वेग मोजायला आणि शिस्त लावायला 1937 साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. या गाड्यांना 'हॉट रॉड' हे नाव पडले. युद्धानंतर 1948 मध्ये त्याच नावाचे मासिक निघाले आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. व्हिक एडलब्रॉक यांचे मॅनिफोल्ड, एड इस्केंडेरियन यांचे कॅमशाफ्ट अशा घरगुती खटपटीतून बदलाच्या सामानाचा एक मोठा उद्योग वाढला. 1963 पर्यंत तो इतका मोठा झाला की सामान बनवणाऱ्यांनी आपली संघटना काढली. तीच आज सेमा म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी लास व्हेगसला तिचे प्रदर्शन भरते.

मस्टँगच्या बाबतीत तर बदल करणाऱ्याला कंपनीचाच आशीर्वाद होता. कॅरोल शेल्बी यांनी 1965 मध्ये फोर्डकडून मस्टँग घेतल्या, मागची बैठक काढून टाकली, पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म एक इंच खाली बसवला, इंजिन 306 अश्वशक्तीपर्यंत नेले आणि जीटी-350 या नावाने गाडी विकली. पहिल्या वर्षी जेमतेम पाचशेच्या वर गाड्या झाल्या. मागची बैठक काढण्याचे कारण मजेशीर आहे. शर्यतीच्या नियमात 'स्पोर्ट्स कार' दोन आसनांची असावी लागे. आज हीच बदललेली मस्टँग जतनवादी शिक्का-न्-शिक्का तपासून जपतो.

बदलवादी : बघा, शेल्बीने आर्म एक इंच खाली घेतला तर तो वारसा. मी तीच भोके त्याच मापाने पाडली तर गाडी बिघडवली!

जतनवादी : शेल्बीने नव्या गाडीला भोके पाडली. तुम्ही साठ वर्षे टिकलेल्या गाडीला पाडता. शिवाय तुमचा बदल तिथे थांबत नाही. आज भोके, उद्या शॉक टॉवरच कापाल.

शॉक टॉवरचा उल्लेख नुसता टोमणा नाही. त्या काळच्या मस्टँगमध्ये पुढच्या चाकांच्या वर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पत्र्याचे दोन उंच डबे असतात. स्प्रिंगचा आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा वरचा भार त्यांच्यावर येतो. 289 चे इंजिन त्या दोघांमध्ये नेमके बसते. पुढे आलेले 302 घनइंचांचे, म्हणजे पाच लिटरचे इंजिन त्याच घराण्यातले असल्याने तेही बसते. म्हणून 1980 च्या दशकातल्या मस्टँगचे पाच लिटरचे इंजिन आणि टी-5 हा पाच गिअरांचा बॉक्स जुन्या गाडीत घालणे हा सर्वांत रूढ बदल आहे. महामार्गावर गाडी कमी फेऱ्यांत चालते, पेट्रोल वाचते, आणि मूळ इंजिन कोपऱ्यात झाकून ठेवले तर ते कधीही परत बसवता येते. 2011 पासूनच्या मस्टँगमधले 'कोयोटी' इंजिन मात्र रुंद आहे. ते हवे तर बहुधा दोन्ही टॉवर कापून पुढचे सस्पेन्शनच वेगळ्या पद्धतीचे बसवावे लागते. तिथून गाडी मागे फिरत नाही. दोन्ही कामांना लोक 'इंजिन बदलले' असेच म्हणतात, आणि हा सैलपणा वादात फार गोंधळ घालतो.

ब्रेकचा मुद्दा निघाला की बदलवाद्याचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा.

बदलवादी : 1965 च्या साध्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना ड्रम तापला की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे मास्टर सिलिंडर एकेरी. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तुम्ही मूळ नळी जपा. मला पोरांना गाडीत बसवायचे आहे.

जतनवादी : साठ वर्षे लोकांनी या गाड्या चालवल्याच ना?

बदलवादी : चालवल्या, आणि मेलेही. नाहीतर 1966 मध्ये कायदा कशाला झाला?

बदलवाद्याचे म्हणणे इथे खरे आहे. राल्फ नेडर यांच्या 1965 मधल्या पुस्तकाने अमेरिकी गाड्यांच्या असुरक्षिततेवर बोट ठेवले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने वाहन सुरक्षेचा कायदा केला आणि 1 जानेवारी 1968 पासून केंद्रीय सुरक्षा-मानके लागू झाली. दुहेरी मास्टर सिलिंडर, धडकेत दबणारा स्टिअरिंग दांडा या गोष्टी त्याच सुमारास सगळीकडे आल्या. मस्टँगला दुहेरी सिलिंडर 1967 च्या मॉडेलपासून मिळाला. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला, पट्टा फक्त कमरेचा, आणि पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन. मागून जोराची धडक बसली तर टाकी आणि आतली माणसे यांच्यात मागच्या बैठकीशिवाय फारसे काही उरत नाही. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्याने ही रचना एकदा डिकी उघडून, गालिचा उचलून पाहावी.

आता गंमत अशी, की पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक 1965 च्या मॉडेलमध्येच फोर्ड जादा पैसे घेऊन देत होती. म्हणजे डिस्क ब्रेक बसवणारा माणूस काळाबाहेरचे काही करत नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने वाचवलेले पैसे तो खर्चतो आहे. जतनवादी या दुरुस्तीला 'काळाला धरून' म्हणून मान्यता देतो. दुहेरी सिलिंडरही 1967 च्या गाडीचा घेऊन थोड्या खटपटीने बसतो, आणि कडव्या जतनवाद्याच्या गाडीतही तो सापडतो. फक्त त्याविषयी तो बोलत नाही.

विजेच्या बाबतीत तंटा कमी आहे. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट्स काढून त्याच टोपीखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा छोटा संच बसवला की बाहेरून काहीच कळत नाही, आणि दर काही हजार मैलांनी पॉइंट्सची फट मोजायचे काम संपते. जुन्या वायरिंगचे आवरण मात्र तडकते आणि तिथून आग लागते; ते बदलण्यावर कुणाचे दुमत नसावे. टायरचेही तसेच. त्या काळच्या बायस-प्लाय टायरवर गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे धावते. रेडियल घातल्यावर ती सरळ चालते. रंगाविषयी दोन्ही बाजू तासन्‌तास भांडतात, पण रंग पुन्हा देता येतो, म्हणून ते भांडण इथे सोडून दिलेले बरे.

इंधनामुळे काही बदल सक्तीचे झाले. 1960 च्या दशकातली इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेली होती. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झीज होऊ देत नसे. 1 जानेवारी 1996 पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना शिसेयुक्त पेट्रोल विकायला पूर्ण बंदी आली. आता जोरात चालवल्या जाणाऱ्या जुन्या इंजिनाचे हेड उतरवले की त्यात कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधली पडदी खराब होतात, म्हणून त्याही बदलाव्या लागतात. गाडी जशीच्या तशी ठेवायची म्हटली तरी आजचे पेट्रोल तसे करू देत नाही.

मग पत्र्याचा प्रश्न. मस्टँगच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणी आत उतरते आणि तिथला पत्रा आतून सडतो. चालकाच्या पायाशी पाणी टपकू लागते तोवर उशीर झालेला असतो. आधी पायाखालची जमीन जाते, मग मागच्या चाकांवरचे पत्रे, मग दारांच्या कडा.

जतनवादी : गंजलेला भाग कापा, तेवढाच नवा जोडा, बाकीचे राहू द्या. डेंटिंगवाला खरा असेल तर जोड दिसतही नाही.

बदलवादी : आणि जोडता जोडता गाडीत मूळ पत्रा किती उरतो? आता तर फोर्डच्या परवान्याने अख्खी नवी बॉडी मिळते. दारे, छत, जमीन, सगळे नवे. तुमची जुनी पट्टी तिच्यावर लावली की झाली का ती 1965 ची?

जतनवादी : नाही झाली. ती नवी गाडी, जुन्या नावाची.

बदलवादी : आणि मी जुनी बॉडी ठेवून फक्त इंजिन बदलले, तर माझी गाडी तुमच्या त्या नव्या बॉडीच्या गाडीपेक्षा जास्त खरी नाही का?

जतनवाद्याकडे याचे चांगले उत्तर नाही. काही अमेरिकी राज्यांत नव्या बॉडीवर जुना क्रमांक चढवणे हा गुन्हाही ठरतो, एवढे तो सांगू शकतो. त्याचा निकष म्हणजे मूळ इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, हा. हा निकष मुख्यतः 1968 नंतरच्या गाड्यांना लागू पडतो, कारण त्या सुमारास इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकण्याची पद्धत सरसकट झाली. 1965 च्या साध्या मस्टँगच्या इंजिनावर असा क्रमांक मिळत नाही. तिथे 'क्रमांक जुळतात' असे कुणी विकताना सांगितले तर सावध व्हावे.

शेवटी गोष्ट पैशांवर येते. सर्वसाधारण बाजारात न छेडलेली गाडी आणि उत्तम रेस्टोमॉड या दोन्ही टोकांना भाव मिळतो. मधल्या, अर्धवट बदललेल्या गाड्या पडून राहतात. टोकाच्या दोन गाड्यांची उदाहरणे मात्र दोन्ही पक्षांना अडचणीत आणणारी आहेत.

पहिली आहे 1968 च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग. चित्रीकरणानंतर ती 1974 मध्ये एका कुटुंबाने सहा हजार डॉलरना घेतली आणि काही वर्षे रोजच्या कामाला वापरली. तिला कधीच नवा रंग दिला नाही, गंजही तसाच ठेवला. जानेवारी 2020 मध्ये तिचा लिलाव 37 लाख 40 हजार डॉलरना झाला. जतनवाद्याचा विजय, असे वाटेल. पण ही गाडी कारखान्यातून निघाली तशी नव्हतीच. चित्रपटवाल्यांनी तिचे सस्पेन्शन बदलले होते, कॅमेऱ्यासाठी खाली आधार वेल्ड केले होते. तीच वेल्डिंग आज ती खरी असल्याचा पुरावा आहे.

दुसरी 1951 ची मर्क्युरी. कॅलिफोर्नियात बॅरिस बंधूंच्या गॅरेजात ती बॉब हिरोहाटा यांच्यासाठी बदलली गेली. छत खाली घेतले, मधले खांब काढले, बाजूला ब्युइकची क्रोमपट्टी आली, रंग हिरव्याच्या दोन छटांचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ती एका शाळकरी मुलाने पाचशे डॉलरना घेतली. त्यानेच पुढे ती पुन्हा उभी केली, आणि उभी केली ती कारखान्याच्या नव्हे, बॅरिसच्या रूपात! 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिची नोंद झाली आणि 2022 मध्ये ती वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. हॉट रॉडचीही गत तीच. 1950 पासून भरणाऱ्या पेबल बीचच्या अतिशिष्ट गाडी-प्रदर्शनात 1997 साली ऐतिहासिक हॉट रॉडना प्रथमच स्वतंत्र वर्ग मिळाला. बदल पुरेसा जुना झाला की तोच जतन करण्याची वस्तू होतो. जतनवाद्याला हे मान्य करावे लागते. पण बदलवाद्यानेही ध्यानात घ्यावे, की हिरोहाटाची मर्क्युरी टिकली ती कुणीतरी तिला पुन्हा बदलायचे नाकारले म्हणून.

क्युबात या दोघांचा वाद निरर्थक ठरतो. अमेरिकेने 1960 पासून निर्यात रोखली आणि सुटे भाग येणे थांबले. हवानात 'अल्मेंद्रोन' म्हणून धावणाऱ्या शेवरले, ब्युइक, डॉज यांच्या पोटात सोव्हिएत गाड्यांची इंजिने, ट्रॅक्टरचे किंवा व्हॅनचे डिझेल, हाताने कातलेले बुश असतात. 2011 पर्यंत तिथे मुख्यतः 1959 च्या क्रांतीपूर्वीच्या गाड्याच मोकळेपणाने विकता-घेता येत असत. त्यामुळे या गाड्या टिकवणे हा शौक नव्हता, पोटाचा धंदा होता. तिथे बदल केला नसता तर जतन करायला काही उरलेच नसते.

मुंबईचे नाते क्युबाच्या या बाजूशी अधिक जवळचे आहे. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शेवरले जोडायला घेतल्या आणि 1954 मध्ये काम गुंडाळले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ बांधल्या. पुढे आयात बंद, पेट्रोल महाग, भाग मिळेनात. तेव्हा या लांबरुंद गाड्यांपैकी अनेकींत डिझेल इंजिने बसवली गेली आणि त्या लग्नाच्या वराती, टॅक्सी, चित्रीकरण यांत पुढे कित्येक वर्षे चालत राहिल्या.

भारतीय कायदा मात्र जतनवाद्याच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हा अर्थ अधिक कडक केला. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. वाहन 50 वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात हवे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण पाच हजार. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते.

या नियमात एक उणीव आहे. बदल झाला का, एवढेच तो विचारतो. कधी झाला, हे विचारत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने केलेल्या ट्युरिनच्या सनदेत गाडीच्या आयुष्यात, त्या-त्या काळात झालेले बदल तिच्या इतिहासाचा भाग मानले आहेत. तसा विचार इथे केला असता, तर 1975 साली डिझेल बसवलेली मुंबईची शेवरले वारसा ठरली असती. आजच्या व्याख्येत ती बसत नाही. अशा गाडीचे मूळ पेट्रोल इंजिन कुणाच्या वखारीत, गोठ्यात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असेल, तर त्याने ते भंगारवाल्याला देऊ नये. गाडी कधीकाळी 'व्हीए' मालिकेत न्यायची झाली तर तेच लागेल.